हा झोपतो किती वाजता?

मार्केट यार्डात धान्याचा ठोक व्यापार करणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांचा मुलगा दहावीत असताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीतील दिवा जळत असे. घरातील मंडळींना त्याचे कौतुक वाटे. आजोबा तर येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत, की आमच्या घराण्यात इतका वेळ पुस्तकासमोर बसणारा हाच पहिला. सहामाहीत गुण घसरले तेव्हा आणखी एक शिकवणी लावण्यात आली. मुलगा चिडचिड करू लागला तेव्हा ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देण्यात आले. पुढे तो सर्वांबरोबर जेवायला बसेनासा झाला, मित्रांकडे जाईनासा झाला, आणि एके दिवशी आईला म्हणाला, की सकाळी उठावेसेच वाटत नाही. तेव्हा कुठे घर हलले. डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, “हा झोपतो किती वाजता? आणि अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला किती वेळ लागतो?” त्या वेळी आई, वडील आणि काका असे तिघे समोर बसले होते. घरी आणखी तीन मोठी माणसे होती. सहा मोठ्या माणसांच्या त्या घरात या प्रश्नाचे उत्तर एकालाही ठाऊक नव्हते. गोदामात कोणत्या मालाची किती पोती शिल्लक आहेत, हे मात्र काकांना तोंडपाठ असते.

हा प्रसंग मला पुन्हा आठवला तो अमेरिकेतील एका संशोधनाविषयी वाचताना. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुलाचे मानसिक आरोग्य येत्या वर्षभरात गंभीररीत्या बिघडण्याचा संभव आहे काय, याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आधीच बांधता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. डेटा शास्त्रज्ञ इलियट हिल हे त्या निबंधाचे पहिले लेखक असून मॅथ्यू एंगेलहार्ड आणि मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन पॉझनर हे ज्येष्ठ सहलेखक आहेत. अशा कामाचा मोठा भार पीएच.डी.च्या आसपासच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत उमेदवारी करणाऱ्या तरुण संशोधकांच्या खांद्यावर असतो. आपल्याही कित्येक घरांतील मुले-मुली आज परदेशी विद्यापीठांत अशीच उमेदवारी करीत आहेत. ती नेमके काय करतात हे सांगताना आई-वडिलांची थोडी अडचण होते, इतकेच.

मुनीम आणि यंत्र

यंत्र असे भाकीत करते तरी कसे, हे व्यापारी घराला समजावून सांगणे तुलनेने सोपे आहे. जुन्या पेढीवरील अनुभवी मुनीम आठवून पाहावा. कोणते गिऱ्हाईक उधारी बुडवणार, हे त्याला सहा महिने आधी कळत असे. त्यासाठी एकच एक खूण नसे. पैसे आठ दिवस उशिरा येऊ लागले, मालाची मागणी एकाएकी वाढली, पूर्वी स्वतः येणारा आता नोकराला पाठवू लागला. यांतील एकेक गोष्ट किरकोळ असते, परंतु तिन्ही एकत्र आल्या की मुनीम मालकाच्या कानाशी लागे. त्याने आयुष्यभरात हजारो खाती पाहिलेली असत आणि ती कशी मिटली, कशी बुडाली हेही पाहिलेले असे. यंत्राचे शिक्षणही अशाच रीतीने होते. हजारो मुलांची माहिती आणि पुढे त्या मुलांचे काय झाले, हे दोन्ही त्याच्यापुढे ठेवले जाते. कोणत्या गोष्टी एकत्र आल्या असता पुढे प्रकृती बिघडते, हे ते स्वतः शोधून काढते. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून कल्पना सुचलेल्या या गणिती रचनेला ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात.

ड्यूकच्या संशोधकांना ही ‘खाती’ मिळाली ती ‘एबीसीडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय प्रकल्पातून. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात अमेरिकेतील २१ केंद्रांवर नऊ-दहा वर्षे वयाच्या ११,८०० हून अधिक मुलांची नोंदणी झाली, आणि ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा करावयाचा असे ठरले. ठरावीक काळाने त्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मुलाखती होतात, प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, बौद्धिक चाचण्या होतात, मेंदूची एमआरआय प्रतिमा घेतली जाते. बालपणाचा इतका तपशीलवार जमाखर्च क्वचितच कुठे ठेवला गेला असेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या यंत्राने ‘या मुलाला नैराश्य येईल, त्या मुलीला चिंतारोग होईल’ असे वेगवेगळे भाकीत केलेले नाही. मानसिक आजार कप्प्याकप्प्यांत राहत नाहीत. ज्याला आज चिंता ग्रासते त्यालाच उद्या नैराश्य येऊ शकते, वर्तनाच्या तक्रारी त्यांतच मिसळलेल्या असतात. या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या एका सामाईक प्रवणतेची कल्पना अवशालोम कॅस्पी आणि टेरी मॉफिट यांनी २०१४ मध्ये विस्ताराने मांडली होती. ड्यूकच्या निबंधातही हे दोघे सहलेखक आहेत. यंत्राने वर्तवायचा होता तो या एकंदर भाराचा चढ-उतार: आज ठीक असलेले कोणते मूल वर्षभरात अधिक धोक्याच्या गटात जाईल.

निष्कर्ष वाचून प्रथम मला वाटले ते आश्चर्य, आणि मागाहून थोडी खंत. इतकी महागडी एमआरआय यंत्रे वापरून घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमा हिशेबात धरल्या, तरी भाकीत काही अधिक अचूक झाले नाही. प्रश्नावलीतील साध्या उत्तरांवरून जेवढे कळत होते, तेवढेच प्रतिमांसह कळले. आणि त्या उत्तरांमध्ये सर्वांत बोलका ठरला तो झोपेतील बिघाड. घराण्यातील मानसिक आजाराचा पूर्वेतिहास, बालपणी सोसावे लागलेले आघात, यांपेक्षाही झोपेच्या तक्रारींनी पुढील बिघाडाची सूचना अधिक ठळकपणे दिली. वजनदार ठरलेल्या कारणांत घरातील कलहाचेही नाव होते.

म्हणजे हजारो मुले, वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि बलाढ्य संगणक यांचा खटाटोप करून यंत्र येऊन पोहोचले ते डॉक्टरांच्या त्या पहिल्या प्रश्नापाशीच.

चौऱ्यांशी म्हणजे नेमके किती?

या संशोधनाची बातमी सर्वत्र ‘८४ टक्के अचूक’ अशा शब्दांत फिरली. आकड्यांशी रोजचा व्यवहार असलेल्या वाचकांनी या चौऱ्यांशीची थोडी फोड करून घेतली पाहिजे, कारण अशाच आकड्यांच्या बळावर उद्या एखादी कंपनी शाळेच्या दारात किंवा मोबाईलच्या पडद्यावर आपली वस्तू विकायला उभी राहणार आहे.

मूळ निबंधातील आकडा ०.८४ असा आहे. त्याचा अर्थ असा: पुढे बिघडणारे एक मूल आणि न बिघडणारे एक मूल अशी जोडी यंत्रापुढे ठेवली, तर शंभरांपैकी चौऱ्यांशी वेळा ते यांतील अधिक धोका असलेले मूल बरोबर ओळखते. ‘धोका आहे’ असे सांगितलेल्या शंभर मुलांपैकी चौऱ्यांशी खरोखर आजारी पडतील, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. शिवाय हा आकडा मुलाची आजची लक्षणेही विचारात घेणाऱ्या प्रतिमानाचा आहे. आजची लक्षणे वगळून केवळ झोप, घरचे वातावरण, आघात अशा संभाव्य कारणांवरून अंदाज बांधला, तेव्हा तो ०.७५ वर आला. माझ्या मते हे दुसरे प्रतिमान अधिक मोलाचे आहे. जो आधीच खिन्न दिसतो तो पुढे अधिक खिन्न होईल, हे सांगायला यंत्र कशाला हवे? कारणे हाती आली तर मात्र त्यांवर काही करता येते.

आता एक उदाहरण कल्पून हिशेब मांडू. समजा, एका मोठ्या शाळेत १,००० मुले आहेत आणि त्यांपैकी ५० मुलांची प्रकृती येत्या वर्षात खरोखर बिघडणार आहे. समजा, चाचणी अशा शंभरांपैकी ८० मुलांना ओळखते, आणि निरोगी शंभरांपैकी २० मुलांना चुकून धोक्यात टाकते. पन्नासांपैकी ४० मुले सापडली, १० निसटली. उरलेल्या ९५० पैकी १९० मुलांवर विनाकारण शिक्का बसला. एकूण २३० घरी निरोप गेला, त्यांतील खरी गरज ४० घरांना होती. म्हणजे निरोप आलेल्या दर सहा घरांपैकी सुमारे पाच घरे विनाकारण काळजीत पडली. यात कोणी लबाडी केलेली नाही, यंत्रही बिघडलेले नाही. विरळा गोष्ट शोधायला निघाले की हिशेब असाच निघतो.

मग असे भाकीत टाकाऊ समजायचे काय? ते निरोप मिळाल्यावर आपण काय करणार यावर अवलंबून आहे. मुलाशी आणि पालकांशी अर्धा तास शांतपणे बोलणे, झोपेची चौकशी करणे, सहा महिन्यांनी पुन्हा भेटणे, एवढेच करायचे असेल तर पाच घरांना दिलेला तो अर्धा तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. निरोपासरशी गोळ्या सुरू करायच्या असतील, किंवा शाळेच्या दप्तरी नोंद करून ठेवायची असेल, तर मात्र तो त्या पाच घरांवर अन्याय आहे. आजाराचा शोध कोणत्या अटींवर घ्यावा, याची तत्त्वे विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच लिहून ठेवली. ज्याच्यावर मान्य उपचार आहे आणि निदान व उपचाराची सोय उपलब्ध आहे, अशाच आजाराचा शोध घेत फिरावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला, आणि निरनिराळ्या आजारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असेही त्याच पाहणीत दिसले. शोधलेल्या मुलांना पाठवायचे कोठे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

झोपेविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे एक रास्त शंका उद्भवते. झोप बिघडल्यामुळे मन बिघडते, की मन बिघडू लागल्याची पहिली खूण म्हणून झोप उडते? यंत्र एवढेच सांगते, की या दोन गोष्टी एकामागून एक येतात. कोणती कशाचे कारण, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या डॅनियल फ्रीमन यांनी ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील निद्रानाश असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग केला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या विद्यार्थ्यांना झोप सुधारण्याचे मानसशास्त्रीय प्रशिक्षण संगणकावरून देण्यात आले, उरलेल्यांना नेहमीचीच व्यवस्था ठेवली. ज्यांची झोप सुधारली त्यांचा अकारण संशयीपणा आणि भास कमी झाले. चिंता आणि खिन्नतेतही उतार पडला. ते विद्यार्थी किशोरवय ओलांडलेले होते, हे खरे. तरीही झोप ही केवळ लक्षण नसून कारणांपैकीही एक आहे, असे मानायला या प्रयोगाने भक्कम आधार दिला.

किशोरवयीन मुले उशिरा झोपतात ती केवळ हट्टाने नव्हे. वयात येताना शरीरातील घड्याळच पुढे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून हे दाखवून दिले आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रावैद्यकातील तज्ज्ञ सांगतात. झोप उशिरा लागायची आणि सकाळी सातला शाळा किंवा शिकवणी गाठायची, म्हणजे ही मुदलातली तूट रोज वाढत जाणारी. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली. आपल्या राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊपूर्वी न भरवण्याचा निर्णय काढला, पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. लहानग्यांची सोय झाली हे चांगलेच. मात्र शरीराचे घड्याळ ज्यांचे सरकते ती आठवी-दहावीची मुले त्या निर्णयाबाहेरच राहिली.

एबीसीडी प्रकल्पात मुलांच्या झोपेविषयी पालकांना २६ प्रश्न विचारले जातात. झोप लागायला किती वेळ लागतो, मध्येच जाग येते का, घोरतो का, रात्री घाम येतो का, दचकून उठतो का, दिवसा पेंगतो का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. यांत काहीही गूढ नाही. परंतु उत्तर देण्यासाठी कोणीतरी पाहिलेले असावे लागते. (मूल रोज घोरत असेल तर ‘किती गाढ झोपलाय’ असे म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावे, हे जाता जाता सांगतो.)

दुसरी गोष्ट घरातील कलहाची. त्यासाठी जी प्रश्नावली वापरतात तीत अवघी नऊ विधाने आहेत, आणि ती पालकांकडून भरून घेतात तशीच मुलांकडूनही. घरात भांडणे वारंवार होतात का, रागाच्या भरात वस्तू फेकल्या जातात का, एकमेकांना टोचून बोलले जाते का, मतभेद झाले तर शांततेने मिटवले जातात का, अशा आशयाची ती विधाने आहेत. मला नेहमी वाटते, की आपल्याकडील एखाद्या एकत्र कुटुंबात ही नऊ विधाने वडिलांपुढे आणि चौदा वर्षांच्या मुलीपुढे स्वतंत्रपणे ठेवली, तर दोन उत्तरपत्रिका एकाच घरातल्या आहेत हे ओळखू येणार नाही. वडील प्रामाणिकपणे लिहितील, की आमच्याकडे भांडण असे होतच नाही. आणि एका अर्थाने ते खरेही असते. भाऊ-भाऊ दुकानात एकमेकांशी मोजकेच बोलतात, वाटणीचा विषय वर्षभर लोंबकळत असतो, जावा-जावांमध्ये स्वयंपाकघरात अबोला असतो, आणि रात्री दार लावून दबक्या आवाजात हिशेब चालतो. आवाज चढत नाही म्हणून भांडण नाही, असे मोठ्यांना वाटते. पलीकडच्या खोलीत जागी असलेली मुलगी तो दबका आवाजच ऐकत असते. शिवाय आपल्या घरांत दिवसाचे वेळापत्रकही विचित्र असते. घरातील काही मंडळी सूर्यास्तापूर्वी जेवून मोकळी होतात, दुकान नऊला बंद होते, मुले शिकवणीहून साडेनऊला येतात. सगळे एकत्र बसण्याची वेळ दिवसात उरतच नाही. मग मुलाचा चेहरा नीट पाहिला जातो तो रविवारी, तेव्हा तो झोपलेला असतो.

दुसऱ्याच्या घराचे माप

अमेरिकन मुलांवर शिकवलेले यंत्र आपल्या मुलांना लावता येईल काय? या बाबतीत ब्राझीलचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील मानसोपचारतज्ज्ञ क्रिश्चियन कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलोटास शहरात १९९३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नोंदींवरून एक मापन तयार केले. पंधराव्या वर्षी विचारलेल्या ११ गोष्टींवरून अठराव्या वर्षी नैराश्य येण्याचा संभव किती, हे ते सांगते. रक्ताची चाचणी नको, यंत्राची प्रतिमा नको. शाळेत नापास होणे, एकटे पडणे, मारामारी, घरातून पळून जाणे, आईशी नाते, वडिलांशी नाते, आई-वडिलांचे परस्परांशी नाते, लहानपणी झालेली हेळसांड किंवा मारहाण, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. ब्राझीलमध्ये या मापनाने चांगले काम केले. तेच पुढे ब्रिटन आणि न्यूझीलंडमधील मुलांच्या नोंदींना लावून पाहिले, तेव्हा त्याची अचूकता बरीच घसरली. अंदाज नाणेफेकीपेक्षा बरा होता, पण फार बरा नव्हता. त्या ११ गोष्टींत त्वचेचा वर्णही आहे. ब्राझीलमध्ये त्याचा जो सामाजिक अर्थ आहे तो दुसरीकडे तसाच कसा असेल?

आपल्याकडील मुलांची वजनमापेही निराळी आहेत. शाळेत नापास न झालेला, मारामारी न करणारा, पंच्याऐंशी टक्के मिळवूनही ‘नव्वद का नाहीत’ या प्रश्नाने खचलेला मुलगा ब्राझीलच्या मापात बसणार नाही. कोट्याच्या वसतिगृहात एकटी राहणारी मुलगी अमेरिकेतील प्रश्नावलीच्या ‘घरातील कलह’ या रकान्यात काय लिहील? यंत्राने ज्या मुलांना पाहिलेलेच नाही, त्यांच्याविषयी ते आत्मविश्वासाने चुकीचे बोलू शकते. ड्यूकच्या संशोधकांनाही याची जाणीव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने त्यांना दीड कोटी डॉलरचे अनुदान दिले आहे, आणि आता ते नॉर्थ कॅरोलायना, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांतील ग्रामीण दवाखान्यांत, जेथे मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ आहेत, हे प्रतिमान प्रत्यक्ष उपयोगी पडते का याची परीक्षा घेत आहेत. अशी परीक्षा भारतीय मुलांवर, भारतीय भाषांत, येथील डॉक्टरांनी घेतल्याखेरीज कोणत्याही ‘स्मार्ट’ चाचणीचा अहवाल प्रमाण मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती कोणाच्या हाती जाते, हेही पाहिले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास तो कायदा सर्वसाधारणपणे मनाई करतो. शाळेतून एखादा अर्ज सहीसाठी घरी आला, तर कर्जाच्या कागदावर सही करताना जितके बारकाईने वाचतो तितके तरी वाचावे. माहिती किती वर्षे ठेवणार, कोणास देणार, मुलाला आणि पालकांना निष्कर्ष कोण आणि कशा शब्दांत सांगणार, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

खरे तर आपल्या समाजात मोठी अडचण यंत्राची नाहीच. ती आहे ‘बाहेर कळता कामा नये’ या भीतीची. मुलीला समुपदेशकाकडे नेल्याचे कळले तर पुढे सोयरीक जुळताना बोलणी होतील, मुलाला गोळ्या चालू आहेत हे बाजारात कळले तर पेढीची पत जाईल, ही भीती खोटी नाही. अशी बोलणी होतात हे आपण सर्वांनीच ऐकले आहे, कधी केलीही आहेत. त्यामुळे घर महिनोन् महिने थांबते, वातावरण बदलावे म्हणून मुलाला मामाकडे पाठवते, ज्योतिषाला विचारते, आणि डॉक्टर शेवटी येतात. शहर बदलून, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा ठिकाणी जाऊन उपचार घेणारी कुटुंबे मला माहीत आहेत. त्यांच्यावर टीका करावीशी वाटत नाही. उपचार घेतले हेच पुष्कळ.

नाव न सांगता बोलण्याची सोय हवी असेल तर ती आज आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. मूल जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर मात्र भाकिताचा आणि टक्केवारीचा विचार करीत बसू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. “तुला मरावेसे वाटते का?” असे सरळ विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार रुजतो, असा समज आहे, तो चुकीचा आहे. विचारल्याने मुलाला बोलता येते.

आमच्या स्नेह्यांच्या मुलाला औषध लागले नाही. तीन महिने दर पंधरवड्याला तो समुपदेशकांकडे जात होता, एक शिकवणी बंद झाली, आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवायची असे ठरले. समुपदेशकांनी आणखी एक सांगितले, की रात्री दहानंतर घरातील सर्वांचे फोन एका ठिकाणी ठेवावेत. फक्त मुलाचा काढून घेतला तर उपयोग होणार नाही. घरी जुन्या दुकानातला एक लाकडी गल्ला होता, तो स्वच्छ करून जेवणघरात आणून ठेवण्यात आला. पहिल्या रात्री सर्वांचे फोन त्यात गेले. सर्वांत जास्त कुरकुर केली ती आजोबांनी, कारण पहाटे पाचला उठून तुरीचे भाव पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. शेवटी गल्ल्याची किल्ली त्यांच्याकडेच राहील, पण ती सहानंतरच वापरायची, या अटीवर तडजोड झाली. आणि ते ही अट पाळतात की नाही यावर नातू लक्ष ठेवून असतो.